तक्ता चार

दुपारी साडेबाराला फोन आला आणि पलीकडची बाई म्हणाली, "सर, तुमचा लेख वाचला." मी विचारलं, "कुठला?" ती म्हणाली, "दवाखान्यांचा. मी आरोग्य खात्यात आकडेवारी बघते." मी "हो का, छान" म्हटलं आणि हातातला कागद चाळत राहिलो, कारण लेख वाचला म्हणणारी माणसं मला नवीन नाहीत. वाचला म्हणजे शीर्षक वाचलं, फार तर वरचा सारांश. मग ती म्हणाली, "तक्ता चार आणि पान सतरा जुळत नाहीत. दवाखाना अर्ध्या किलोमीटरवरून दोन किलोमीटरवर गेला की साठीच्या पुढच्यांचं येणं अडतीस टक्क्यांनी घटतं, असं तक्त्यात आहे. आणि पान सतरावर तुम्ही लिहिलंय की वयस्कर रुग्णांवर अंतराचा लक्षणीय परिणाम दिसत नाही. यातलं खरं कुठलं धरू?" मी कागद खाली ठेवला. त्या लेखाचा उल्लेख आजवर चारशे बारा लेखांमध्ये झाला आहे. चारशे बारा लेख, त्यांचे लेखक, प्रत्येकाचे दोन-दोन परीक्षक, वर बसलेले संपादक. एवढ्या सगळ्या विद्वानांतून तक्ता चारपर्यंत कोणी पोचलं नव्हतं. "बघून सांगतो," मी म्हटलं. "उद्या अकराला बैठक आहे सर," ती म्हणाली, "नऊ लहान दवाखाने बंद करून दोन मोठी केंद्रं करायची आहेत. टिपणात तुमचं वाक्य आहे. साहेब म्हणाले, वाक्याशेजारी एखादा आकडा पण टाक, भारदस्त दिसेल. म्हणून तक्ता उघडला, नाहीतर मी तरी कशाला उघडते." तिचा आवाज अगदी साधा होता, भाजीवाल्याला भाव विचारावा तसा. मी तिचा नंबर आणि ईमेल लिहून घेतला.

फोन ठेवला तेव्हा मुख्य संपादक समोरच्या टेबलाशी अंगठा ओला करून पानं उलटत होते. ही त्यांची सवय मी तीन वर्षं बघतोय. जिभेवर अंगठा, पानाच्या कोपऱ्यावर अंगठा, परत जिभेवर. ते लेख वाचत नाहीत. शेवटची संदर्भयादी काढतात आणि तिच्यात आमच्या नियतकालिकाचं नाव किती वेळा आलंय त्यावर पेन्सिलीने खुणा करतात. तो गठ्ठा मग माझ्याकडे येतो, प्रत्येक कोपरा दमट, फुगलेला, आणि मला तो हातात धरावा लागतो. मी सहसंपादक आहे, ते कामच आहे माझं. बाहेरच्या माणसाला आमचा हा धंदा दोन मिनिटांत समजावता येतो. गेल्या पाच वर्षांत आम्ही जे लेख छापले त्यांचा उल्लेख इतरांनी किती वेळा केला ते मोजायचं आणि लेखांच्या संख्येने भागायचं. येतो तो आकडा. आकडा मोठा तर नियतकालिक मोठं. मोठ्या नियतकालिकात लेख आला की प्राध्यापकाला बढती मिळते, म्हणून चांगले लेख आमच्याकडे येतात, म्हणून आकडा आणखी वाढतो. ऐकायला हे सरळ वाटतं. पण नुसत्या चांगल्या लेखांवर कोणाचं भागत नाही, म्हणून आमचं एक पत्र आहे. लेख स्वीकारायच्या जरा आधी, लेखकाचा जीव टांगणीला लागलेला असतो तेव्हा, ते जातं. 'आमच्या नियतकालिकातील अलीकडच्या चर्चेची दखल आपल्या लेखात पुरेशी घेतलेली दिसत नाही.' बास, एवढंच. शहाण्याला शब्दाचा मार. आठवड्याच्या आत लेख परत येतो आणि यादीत आमचे दहा-बारा लेख मुकाट्याने येऊन बसलेले असतात. एखादा भोळा विचारतोच, की कुठले घालू? त्याला इथून तयार यादी जाते. त्या यादीत पहिला लेख माझा असतो. चारशे बारा असे झाले, आणि हे मला माहीत नव्हतं असं नाही. घरी पाहुणे आले आणि कोणी म्हटलं, तुमच्या लेखाचा फार बोलबाला आहे म्हणे, की मी मान खाली घालून हसतो. विनयाने हसल्यासारखं दिसतं ते.

तक्ता चार उघडून बघायची गरजच नव्हती. अडतीस टक्के मला पाठ आहे. पहिल्या मसुद्यात तिथं शून्याच्या आसपासचं काहीतरी होतं, आणि त्या शून्यावर माझा फार जीव होता. लोकांना वाटतं म्हातारी माणसं लांब जाणार नाहीत, आणि बघा, आकडे म्हणतात जातात. असल्या उलट्या निकालांवर आमचं सगळं दुकान चालतं. मग एका परीक्षकाने, कोण ते अर्थातच सांगत नाहीत, एक ओळ लिहिली. 'या दवाखान्यांत नव्याण्णव वर्षांचे सहाशे चाळीस रुग्ण कसे?' मी नोंदवह्या पुन्हा उघडल्या. नोंदवहीत जिथं वय लिहिलेलं नव्हतं तिथं भरणाऱ्याने नव्याण्णव टाकून दिलं होतं. सायकलवरून पडलेली पोरं, हात कापलेले सुतार, खोकला झालेले मास्तर, सगळे माझ्या लेखात शंभरीला एक कमी करून बसले होते. ते धडधाकट लोक, दोन किलोमीटर काय, चार किलोमीटरही आले असते. त्यांना बाजूला काढलं, पुन्हा गणित चालवलं आणि अडतीस आलं. तक्ता बदलला. खरं तर तिथंच सगळं बदलायला हवं होतं, सारांश, पान सतरा, समारोप. पण त्याच आठवड्यात ते पत्र आलं. तेव्हा मी या खोलीतला नव्हतो, बाहेरचा होतो, चार दिवसांची मुदत मिळालेला एक साधा लेखक. यादी मागवली. एकोणीस लेख आले. त्यांतला एकही मी वाचला नाही, कुठला कुठल्या वाक्याला चिकटवता येईल एवढंच बघत बसलो, आणि चार दिवस त्यातच गेले. पान सतरावर तीन चिकटवले. म्हणजे ते वाक्य माझ्या डोळ्यांसमोर होतं. त्या वाक्याच्या शेवटी मी कंस उघडला, तीन नावं घातली, कंस बंद केला, पूर्णविराम दिला. घाईत राहून गेलं असं म्हणायला मला आवडेल. चार वर्षं मी स्वतःला तसंच सांगतोय. पण माणूस वाक्याला कंस जोडतो आणि वाक्य वाचत नाही, असं कसं होईल? तिथं काहीतरी मला दिसलं असणार आणि मी नजर पुढे नेली असणार. म्हातारी माणसं लांबच्या दवाखान्यात जात नाहीत, हे तर कुठलीही आजी फुकट सांगेल. ते कोण छापणार होतं?

मुख्यांना मी सांगितलं. म्हटलं, "सर, माझ्या दवाखान्यांच्या लेखात चूक आहे." ते पेन्सिल न थांबवता म्हणाले, "कुणाच्या लेखात नसते?" मी म्हटलं, "निष्कर्षच उलटा आहे." तेव्हा त्यांनी वर बघितलं. मी तक्ता दाखवला, पान सतरा दाखवलं. त्यांनी अंगठा ओला करून पान उलटलं, मागे आले, पुन्हा पुढे गेले. पहिल्यांदाच ते लेख मधून वाचत होते. मग त्यांनी तो मिटला आणि माझ्याकडे सरकवला. "कोण म्हणालं हे?" "आरोग्य खात्यातली एक बाई. उद्या त्यांची बैठक आहे." "तिला म्हणावं, रीतसर टिपण पाठव. दोन परीक्षकांकडे जाईल, मग तुझं उत्तर मागवू, ते परत परीक्षकांकडे जाईल. वर्ष-दीड वर्षात छापू की." "बैठक उद्या आहे सर." "मग आपण काय करणार? आपण काय दवाखाने चालवतो का?" ते हसले नाहीत, समजूत घातल्यासारखं बोलत होते. "हे बघ. शुक्रवारी तुझ्या नेमणुकीवर समितीची सही आहे. सोमवारपासून ही खुर्ची तुझी. आकड्यातला पाचवा हिस्सा तुझ्या एका लेखावर उभा आहे, समितीने तुला निवडलं ते त्याच्यावर. आणि तू दोन दिवस आधी उठून सांगणार, की तो लेख उलटा आहे? हात दाखवून अवलक्षण कशाला? सोमवारनंतर काय करायचं ते कर. तेव्हा संपादक तू, लेखक तू. मला कोण विचारतंय." त्यांनी खिशातून गोळी काढली, कागद सोडवला आणि तोंडात टाकली. ती दातांवर आपटत राहिली. मला त्या आवाजाची किळस आली, त्यांच्या अंगठ्याची आली, आणि मग लक्षात आलं की मी मान हलवतोय. कोणीतरी आपल्या मनातलं आपल्याआधी बोलून दाखवलं की माणूस हलवतो तशी. खुर्ची मला हवी आहे. लपवून काय उपयोग? मुख्य झालो की ते पत्र बंद करणार, असं मी तीन वर्षं ठरवून आहे, आणि तीन वर्षं ते पत्र माझ्याच सहीने जातंय. या खोलीतल्या भिंतीला लागून काचेची कपाटं आहेत, त्यांत पहिल्या अंकापासूनचे सगळे खंड आहेत, अलीकडचे तर प्लॅस्टिकच्या वेष्टणातच आहेत. काढायला कोणाला सवड झाली नाही. कपाटं उघडली की गोंदाचा आणि दमट पुठ्ठ्याचा वास येतो. तो वास त्या दिवशी कपाट न उघडताच येत होता. मी हात धुवून आलो. परत येऊन बसलो आणि परत धुवून आलो.

संध्याकाळी घरी गेलो तेव्हा बायको म्हणाली, "काय झालं? घाण वास आल्यासारखं तोंड केलंयस." मी काही नाही म्हटलं. आई खिडकीशी पाय लांब करून बसली होती, गुडघ्यांवर गरम पाण्याची पिशवी. तिला अठ्ठ्याहत्तर पूर्ण झाली. मी तिच्याजवळ बसलो. "आई, आपला दवाखाना इथून हलवला आणि लांब नेला तर जाशील का गं?" "किती लांब?" "दोन किलोमीटर." "म्हणजे कुठपर्यंत ते सांग." मी म्हटलं, "पुलाच्या पलीकडे, ती मोठी पाण्याची टाकी आहे ना, तिथं." तिने विचार केला. खरंच केला, डोळे बारीक करून, वाटेत कुठं कुठं बसता येईल ते मोजत असणार. "नाही जाणार," ती म्हणाली. "पुलावर चढ आहे. तू सुट्टीच्या दिवशी नेशील, तेव्हा जाईन." "आणि मधेच काही झालं तर?" "तर झालं. सुट्टीपर्यंत थांबायचं. नाही थांबता आलं तर नाही, मला काय इथं कायमचं थांबायचंय का." बायको आतून म्हणाली, "आई, असलं बोलू नका हो." मी म्हटलं, "मी एका लेखात लिहिलंय, की म्हातारी माणसं जातात." आई माझ्याकडे बघत राहिली. "कुठल्या म्हाताऱ्याला विचारलंस?" "विचारायचं नसतं गं. नोंदवह्यांवरून काढतात." "मग बरोबर आहे. नोंदवहीला कुठं गुडघे असतात." आणि स्वतःच्याच बोलण्यावर ती इतकी खूश झाली, की पिशवी घसरून खाली पडली. मी ती उचलून परत ठेवली. पिशवीखालचा तिचा गुडघा सुजून गुळगुळीत झाला होता, वाटीच दिसत नव्हती. ह्याच घरात, ह्याच टेबलावर बसून मी तो लेख लिहिला. ती तेव्हाही इथंच बसलेली असायची. पान सतरा लिहिताना ती मधे म्हणालीसुद्धा होती, दिवा लाव, डोळे बिघडतील. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात, पण मी तर शेळीच्या शेजारी बसून हाकत होतो. माझा मलाच तिटकारा आला.

सकाळी उठल्या उठल्या मी त्या बाईंना लिहिलं. घरच्या ईमेलवरून, माझ्या नावाने, खाली हुद्दा न घालता. 'तक्ता चार बरोबर आहे. पान सतरावरील वाक्य चुकीचे आहे. ते पूर्वीच्या मसुद्यातून राहून गेले. साठ वर्षांपुढील रुग्णांचे येणे अंतरामुळे खरोखरच घटते. कृपया त्या वाक्याचा आधार घेऊ नये.' पाठवून दिलं आणि मला फार हलकं वाटलं. दाढी करताना चक्क गुणगुणत होतो. खरं सांगून टाकलं, आणि शुक्रवारही शाबूत राहिला. हुद्दा का घातला नाही, हे मी स्वतःला विचारलं नाही. पावणेदहाला खोलीत पोचलो तर फोन वाजत होता. मुख्य अजून आले नव्हते. ती म्हणाली, "सर, तुमचं पत्र साहेबांना दाखवलं. खरं सांगितलंत, आभारी आहे. पण साहेब म्हणतात, खासगी पत्र आणि छापलेला लेख यांत छापलेलंच धरावं लागतं. लेखाखाली चारशे बारा आकडा दिसतो ना, तो त्यांनी मला दाखवला. म्हणाले, एवढे लोक चुकले आणि तू एकटी बरोबर का? मी म्हटलं, साहेब, लेखक स्वतःच म्हणतायत. तर म्हणाले, लेखक आज म्हणतोय, उद्या आणखी काही म्हणेल." "तुम्ही नियतकालिकाच्या कागदावर दोन ओळी द्याल का? दुरुस्ती छापली जाणार आहे, एवढंच. छापायला वेळ लागू दे. पत्र आलं तर ते मानतील, मी विचारून ठेवलंय. निदान बैठक पुढे ढकलली जाईल. अकराच्या आत मिळालं तर." तिने हे सगळं आधीच विचारून ठेवलं होतं. "नऊपैकी चार दवाखान्यांत मी स्वतः जाऊन आलेय सर," ती म्हणाली. "तिथं बाकांवर सगळी म्हातारीच असतात." मी म्हटलं, "बघतो. लगेच करतो."

कागद माझ्या खणातच असतात, वर नियतकालिकाचं नाव, खाली समितीच्या बड्या लोकांची रांग. दोन ओळी लिहायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत. छापून काढल्या, समोर ठेवल्या. सही करायची आणि पाठवायचं. दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. समितीचे दोन सभासद त्याच खात्याच्या सल्लागार मंडळावर आहेत, हे मला आठवलं. पत्र साहेबांकडे, साहेबांकडून मंडळावर, दुपारी मुख्यांना फोन. उद्या शुक्रवार. मी असंही म्हणालो स्वतःशी, की आज केलं तर एक दुरुस्ती होईल, सोमवारनंतर केलं तर सगळं नियतकालिक सुधारेल, आणि मोठ्या कामासाठी लहान कामाला थोडं थांबावं लागतं. हे वाक्य मला पटलंसुद्धा. चांगलं वाक्य होतं, कोणत्याही समारोपात शोभलं असतं. साडेदहाला मी नवा कागद घेतला आणि लिहिलं, 'आपण उपस्थित केलेला मुद्दा संपादकीय विचाराधीन असून त्याबाबत योग्य कार्यवाही रीतसर करण्यात येईल.' यावर सही केली. यात खोटं काहीच नव्हतं, आणि या पत्राचा त्या बाईला काडीचाही उपयोग नव्हता, आणि या दोन्ही गोष्टी मला सही करताना माहीत होत्या. दहा छत्तीसला ते स्कॅन करून पाठवलं. पहिला कागद फाडला, मग ते तुकडे आणखी फाडले. तेवढ्यात मुख्य आले, छत्री दाराशी टेकवली, गोळीचा कागद सोडवला आणि "काय, झालं का तुझं बाईचं?" म्हणाले. मी म्हटलं, "झालं." ते म्हणाले, "शाबास," आणि अंगठा जिभेला लावला. मी समोरचा एक लेख ओढला, शेवटची यादी काढली आणि पेन्सिल हातात घेतली. किती लवकर जमतं हे, याचंच मला आश्चर्य वाटत होतं.

बारा वाजून गेल्यावर तिचा फोन आला. मी उचलणार नव्हतो, पण मुख्य बघत होते. "झाली बैठक," ती म्हणाली. आवाज तोच, साधा. "नऊच्या नऊ बंद. पहिल्या तारखेपासून. मी तक्त्याचं बोलायला उठले होते, पण तुमचं विचाराधीनचं पत्र साहेबांनी आधीच वाचून दाखवलं. मग ते म्हणाले, विचार चालू आहे म्हणजे अजून काही ठरलेलं नाही, म्हणजे छापलेलं तेच उभं आहे. मग पान सतरावरचं वाक्य त्यांनी मोठ्याने वाचलं. सगळ्यांना पटलं." मी म्हटलं, "वाईट वाटतं." खरंच वाटत होतं. तिच्याकडे कुठंतरी मागे खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते. मग ती म्हणाली, "इतिवृत्तात तुमच्या लेखाचा उल्लेख आहे, निर्णयाचा आधार म्हणून. तुमच्यासारख्यांना असलं लागतं ना, लेखाचा प्रत्यक्ष उपयोग झाला हे दाखवायला? प्रत पाठवू का?" तिने हे कुठल्या सुरात विचारलं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मुख्यांनी पेन्सिल थांबवली होती आणि भुवयांनीच विचारत होते, कोण, काय म्हणते. शुक्रवारच्या समितीपुढे आकडा तर ठेवायचाच होता, पण खात्याने आमच्या लेखावरून निर्णय घेतला, असं कागदावर दाखवता येणं ही गोष्ट या नियतकालिकाच्या आयुष्यात कधी झाली नव्हती. मी म्हटलं, "हो, पाठवा." आणि मी तिला पत्ता सांगितला, इमारत, मजला, खोली, हळूहळू, तिला लिहून घेता येईल असा. तिने तो लिहून घेतला आणि मला परत वाचून दाखवला. त्यात एकही चूक नव्हती.